मागचे चाक का डुलते?

गावात मोटरसायकलचे आता नवल राहिलेले नाही. एके काळी गावात एखाद्याच दारात राजदूत उभी दिसे. पुढे १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० निघाली, १९९४ साली स्प्लेंडर निघाली. या गाड्या हलक्या, पेट्रोल कमी खाणाऱ्या. शेतकऱ्याला त्या परवडल्या. आज डेअरीवर दूध घालायचे, पोराला शाळेत सोडायचे, खताचे पोते आणायचे, आजाऱ्याला दवाखान्यात न्यायचे, सगळे हिच्याच पाठीवर चालते.

बैल जरासा लंगडला तर आपण लगेच त्याचा खूर उचलून बघतो. गाडीचे तसे होत नाही. ती बंद पडेपर्यंत तिच्याकडे कोणी वाकून बघत नाही. त्यातून मागचे चाक तर पाठीमागे, डोळ्यांआड. आणि खरे ओझे तर तेच वाहते. इंजिनची ओढ त्याच्यावर, मागच्या माणसाचे वजन त्याच्यावर, मागचा ब्रेकही त्याच्यावरच. असे चाक ढिले झाले आणि भरल्या रस्त्यात गाडी मागून सरकली, तर सावरायला वेळ मिळत नाही. म्हणून मागचे चाक ढिले झाले हे कसे ओळखावे, कशाने झाले हे कसे शोधावे, आणि त्यातले काय घरी करावे, काय मेकॅनिककडे न्यावे, हे आम्ही इथे सांगणार आहोत.

चाक ढिले झाल्याची पहिली वर्दी बहुधा मागे बसलेल्या माणसाला लागते. तो चाकाच्या अगदी वर बसलेला असतो. "अहो, गाडी मागनं हलतीया," असे घरधनीण म्हणाली तर "गप बस, रस्ताच तसला हाय," असे म्हणून सोडून देऊ नका. गाडी थांबवा आणि बघा. चालवणाऱ्यालाही खुणा कळतात. सरळ रस्त्यावर गाडी डुलते. कुणी पाठीमागे बसून अंग हलवतो आहे असे वाटते. वळणावर मागचा भाग बाहेर सरकल्यासारखा होतो. खड्ड्यातून जाताना 'खट' असा आवाज येतो. चेन मधेच कव्हरवर आपटते. ब्रेक एकदा लवकर लागतो, एकदा उशिरा.

आता गंमत अशी की, यातल्या निम्म्या खुणा नुसती हवा कमी झाली तरी दिसतात. म्हणून सगळ्यांत आधी टायर दाबून बघा. हवा कमी असेल तर भरून घ्या. एकट्यासाठी किती आणि दोघांसाठी किती हे आकडे गाडीच्या पुस्तकात दिलेले असतात. पुष्कळ गाड्यांवर ते चिकटपट्टीवरही छापलेले असतात. हवा भरल्यावर डुलणे थांबले तर काम झाले. नाही थांबले, तर पुढे वाचा.

नट आवळला म्हणजे झाले का?

चाक हलते म्हटले की पारावरचा कोणीही सांगतो, "नट ढिला असंल, आवळून टाक." कधी कधी ते बरोबरही असते. पण पुष्कळदा नसते. आणि आवळून आवळून गाडीचे नुकसान मात्र होते. असे का, ते समजून घेऊ.

बैलगाडीचे चाक आसावर सैल बसवलेले असते. ते थोडे डुलते, आणि डुललेच पाहिजे. वंगण घातले, खीळ जागेवर असली, म्हणजे झाले. सायकलचे वेगळे आहे. सायकलच्या चाकात छर्रे असतात आणि दोन्ही बाजूंना कोन असतो. चाक हलू लागले की कोन थोडा आवळायचा, हलणे बंद होते. आपल्यापैकी बहुतेकांचा हात सायकलवर बसला आहे. म्हणून मोटरसायकलचे चाक हलले तरी आपला हात आवळायलाच धावतो.

मोटरसायकलच्या चाकात तसा कोन नसतो. तिथे असते बेअरिंग. म्हणजे पोलादाची दोन कडी, एकात एक, आणि मधे गोळ्या. चाकाच्या तुंब्यात, ज्याला हब म्हणतात, उजवीकडे एक आणि डावीकडे एक अशी निदान दोन बेअरिंगे घट्ट ठोकून बसवलेली असतात. त्यांच्या मधे एक पोलादी नळी असते. या सगळ्यांतून आरपार आस जातो आणि त्याच्या टोकाला नट. नट आवळला की आस, आतली कडी आणि मधली नळी एकमेकांवर दाबून एकजीव होतात. ती फिरत नाहीत. बाहेरचे कडे चाकाबरोबर फिरते. गोळ्या किती घट्ट असाव्यात हे कारखान्यातच ठरलेले असते. नट कितीही आवळा, झिजलेल्या गोळ्यांची फट त्याने भरून येत नाही. सायकल आणि मोटरसायकल यांतला हा फरक ज्याला कळला, त्याला अर्धे काम आले.

उलट, पान्याला पाइप लावून जोर केला तर आसाचे आटे मोडतात. आणि पूर्वी कोणी बेअरिंग बदलताना ती मधली नळी बसवायची विसरला असेल, तर आवळण्याचा सगळा दाब बेअरिंगवर तिरका येतो. मग नवी बेअरिंगेसुद्धा थोड्याच दिवसांत खरखरू लागतात.

बोट लावून दोष शोधा

यासाठी दोन माणसे लागतात. हत्यार लागत नाही. गाडी मधल्या स्टँडवर घ्या. जमीन भुसभुशीत असेल तर स्टँडखाली फळी टाका. इंजिन बंद ठेवा, गिअर काढा आणि किल्ली खिशात टाका. किल्लीचे आम्ही मुद्दाम सांगतो. स्टँडवर इंजिन चालू ठेवून चाक फिरवायचे आणि फडक्याने चेन पुसायची, अशी काही जणांना सवय असते. फडके चेनमध्ये ओढले जाते आणि फडक्याबरोबर बोटे जातात. हे काम इंजिन बंद करून, हाताने चाक फिरवतच करायचे.

एकाने पुढे हँडल धरावे. दुसऱ्याने गाडीच्या मागे बसावे. एका हाताने टायर धरावा, दुसऱ्या हाताने चिमटा धरावा. चिमटा म्हणजे चाकाच्या दोन्ही बाजूंनी येणारे लोखंडी हात, ज्यांत चाक अडकवलेले असते. आता टायर डावीकडे-उजवीकडे हलवा. मग एक हात टायरच्या वर आणि एक खाली धरून हलवा. चाक चांगले असेल तर हाताला काहीच लागणार नाही. ढिले असेल तर 'टक टक' लागेल. ते 'टक टक' कुठून येते, हे शोधायचे.

एकाने चाक हलवत राहावे आणि दुसऱ्याने सांध्यांवर बोट ठेवून बघावे. दोन लोखंडांच्या मधल्या फटीवर बोट ठेवले की कोण हलते आणि कोण स्थिर आहे हे डोळ्यांपेक्षा बोटाला आधी कळते. पहिले बोट आसाच्या टोकाशी, नटाजवळ. आसच चिमट्याच्या खाचेत हलत असेल तर नट ढिला आहे. आस स्थिर आहे, चिमटा स्थिर आहे, पण चाक त्यांच्यामधे हलते आहे, तर दोष चाकाच्या आत आहे. म्हणजे बहुधा बेअरिंग गेले. आणि चाकाबरोबर चिमटाच हलत असेल, तर दुसरे बोट चिमट्याच्या पुढच्या टोकाला न्या. फूटरेस्टच्या जवळ चिमटा एका लांब बोल्टवर टांगलेला असतो. तिथे हालचाल लागली तर त्या बोल्टचा नट ढिला आहे किंवा आतले बुश झिजले आहेत. चाकाचा यात काही अपराध नाही. नवे बेअरिंग घातले तरी ही गाडी डुलतच राहील.

तीन ठिकाणे, तीन वेगळे दोष. गाडीवर मात्र तिन्ही सारखेच जाणवतात. म्हणून बोट लावल्याशिवाय पाना हातात घेऊ नये.

आता चाक हाताने गरगर फिरवा आणि कान द्या. खरखर किंवा कुरकुर आवाज आला तर बेअरिंगमधले ग्रीस गेले किंवा माती शिरली असे समजा. ब्रेकचे लायनर जरासे घासत असतील तरी आवाज येतो. म्हणून आवाजाबरोबर चाकात 'टक टक' आहे का हेही पाहावे. फिरवताना एक काडी चिमट्याला टेकवून तिचे टोक रिमजवळ धरा. रिम काडीच्या जवळ येते, लांब जाते, असे दिसले तर रिम वाकडी आहे किंवा तारांचे आरे, म्हणजे स्पोक, ढिले झाले आहेत. लहान पान्याने एकेक आरा वाजवून बघा. घट्ट आरा 'टिंग' वाजतो, ढिला आरा 'थड' वाजतो. आरे आवळायला रिम सरळ करणारा जाणता माणूसच हवा. एकच आरा खूप आवळला तर रिम त्या बाजूला ओढली जाते. ओतीव चाकाच्या गाड्यांना हा प्रश्नच नाही. त्यांना तारा नसतात.

आणखी एक हालचाल आहे, तिने घाबरू नये. गाडी गिअरमध्ये ठेवून चाक पुढे-मागे फिरवले तर ते थोडे हलते. थोडी हालचाल चेनच्या ढिलेपणाची असते. शिवाय हबमध्ये रबराचे तुकडे असतात. ते इंजिनचा धक्का गिळतात, म्हणून त्यांना थोडा लवचा असावाच लागतो. पण चेन ताणलेली असून चाक पुष्कळ पुढे-मागे होते आणि गाडी सोडताना-पकडताना हिसका बसतो, अशा वेळी ती रबरे बदलावीत. हे काम सोपे आहे आणि खर्चही मोठा नाही.

नट ढिला निघाला तर

बहुधा हे पंक्चरनंतर घडते. ट्यूबच्या गाडीचे मागचे चाक पंक्चरसाठी बहुधा काढावे लागते. रस्त्याकडेला अंधार, पाऊस, गिऱ्हाइकाची घाई. अशात नट अर्धवट आवळला जातो. आम्ही पंक्चरवाल्याला नावे ठेवत नाही. पण गाडी आपली आहे. चाक बसवून झाले की पैसे देण्याआधी स्वतः खाली वाकून बघावे. चाक काढताना चाक आणि चिमटा यांच्यामधून एक आखूड नळीचा तुकडा पडतो. त्याला कॉलर म्हणतात. तो मातीत हरवला आणि तसेच चाक बसवले, तर कितीही आवळा, चाक जागेवर बसत नाही.

आवळताना दोन पाने घ्यावेत. एक आसाच्या डोक्याला, एक नटाला. पाना बरोबर मापाचा असावा. मोठ्या पान्यात पत्र्याचा तुकडा घालून काम भागवले की नटाचे कोपरे झिजतात, आणि मग तो नट छिन्नीनेच निघतो.

नट आवळण्याआधी चेनचा ताण पाहून घ्या. खालच्या चेनच्या मधोमध बोटाने वर-खाली करा. लहान गाड्यांत साधारण २ ते ३ सेंटिमीटर, म्हणजे इंचाच्या आसपास ढिलाई असावी. नेमका आकडा पुस्तकात असतो. चाक थोडे थोडे फिरवून तीन-चार ठिकाणी बघा, कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. चिमट्याच्या दोन्ही टोकांना चेन ओढायचे स्क्रू असतात आणि रेघांच्या खुणा असतात. डावीकडे जितव्या रेघेवर, उजवीकडेही तितव्याच रेघेवर चाक हवे. एक रेघ इकडे-तिकडे झाली तर चाक तिरके बसते, टायर एका बाजूने झिजतो आणि गाडी डुलते. नट घट्ट असूनही डुलते! चेन मागे ओढली की मागच्या ब्रेकची कांबीही ताणली जाते. म्हणून ब्रेकचा नट जरा सोडून चाक मोकळे फिरते ना, आणि पायाखाली ब्रेक वेळेवर लागतो ना, हे बघितल्याशिवाय निघू नये.

यानंतर एक जागा अशी आहे की तिकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. ड्रम ब्रेकच्या पुष्कळ गाड्यांत ब्रेकच्या ताटलीपासून चिमट्यापर्यंत एक लोखंडी पट्टी गेलेली असते. ब्रेक लागला की ताटली चाकाबरोबर फिरू पाहते. ही पट्टी तिला धरून ठेवते. पट्टीचा नट गळून पडला तर ब्रेक दाबताच ताटली गरकन फिरते, कांबी गुंडाळली जाते आणि चाक जागच्या जागी जाम होऊ शकते. वेगात असे झाले तर माणूस वाचणे कठीण. म्हणून त्या नटात फुटीची पिन असेल तर ती जागेवर हवीच. कुंपणाची तार वळवून घालू नये. नवी पिन घालावी. ती मिळते काही रुपयांना.

बेअरिंग गेले असेल तर

मग मेकॅनिक गाठावा. बेअरिंग काढणे आणि बसवणे हे ठोकाठोकीचे काम वाटते, पण ते नाजूक आहे. नवे बेअरिंग बसवताना फक्त बाहेरच्या कड्यावर सारखा जोर द्यायचा असतो. आतल्या कड्यावर ठोकले तर गोळ्यांना खड्डे पडतात आणि नवा माल जन्मतःच जुना होतो. दोन्ही बाजूंची बेअरिंगे एकदमच बदलावीत. समोर उभे राहून "मधली नळी घातली का?" एवढे जरूर विचारावे. चांगल्या मेकॅनिकला याचा राग येत नाही.

जुने बेअरिंग फेकू देऊ नका. ते पुसून त्याच्या कडेवर कोरलेले आकडे वाचा. ते इंग्रजी आकडे असतात, पण ते ओळखायला काही अवघड नाहीत. समजा ६३०१ किंवा ६२०२ असे लिहिले आहे. शेवटचे दोन आकडे आतल्या भोकाचे माप सांगतात. ०१ म्हणजे १२ मिलिमीटर, ०२ म्हणजे १५ मिलिमीटर. पुढचे आकडे बेअरिंगची जात आणि जाडी-रुंदी सांगतात. आकड्यांपुढे इंग्रजी अक्षरे असतात. झेड असेल तर झाकण पत्र्याचे, आरएस असेल तर बहुधा रबराचे. दुकानात नवी पेटी उघडली की हे आकडे आणि अक्षरे जुन्याशी ताडून पाहावीत. पावती घ्यावी आणि तिच्यावरही तोच आकडा लिहिला आहे का ते वाचावे. अंगठा उठवणाऱ्याला दुकानदार देईल ते घ्यावे लागत होते. वाचता येणाऱ्याला तसे नाही.

बेअरिंग लवकर का जाते? मुख्य वैरी पाणी. ओढ्यातून गाडी घातली आणि हब पाण्यात बुडाला की पाणी झाकणाच्या कडेने आत शिरते. गाडी धुताना पंपाची जोराची धार थेट हबवर मारली तरी तेच होते. ग्रीस धुऊन जाते, गोळ्या गंजतात. धार हबवर मारू नये, एवढे केले तरी पुष्कळ फरक पडतो.

दुसरा वैरी ओझे. दुधाचा मोठा कॅन ४० लिटरचा असतो. त्यातले दूधच ४० किलोच्या वर भरते. दोन बाजूंना दोन कॅन म्हणजे ८० किलोंच्या वर, कॅनचे वजन वेगळे, आणि वर चालवणारा. हे सगळे जवळजवळ मागच्या चाकावर, आणि रस्ता खडीचा. रोजचे पोट त्यावर आहे, तेव्हा कॅन नेऊ नका असे आम्ही म्हणणार नाही. पण अशा गाडीची बोट लावून तपासणी महिन्यातून एकदा तरी झाली पाहिजे. दोन कॅनची खेप एकदम नेण्यापेक्षा डेअरी जवळ असेल तर दोन खेपा बऱ्या.

वाटेत चाक ढिले झाल्याचे कळले आणि पाना जवळ नसला तर गाडी ढकलत न्यावी. "हळूहळू जाऊ" म्हणून कोणाला मागे बसवून चालवू नये. आसाचा नटच पडला असेल तर एक पाऊलही चालवू नये, कारण आस आपोआप बाहेर सरकतो.

दुरुस्ती झाली की त्याच दिवशी, आणि मग शंभरेक किलोमीटर गाडी चालल्यावर पुन्हा एकदा नट तपासावा. नवा नट सुरुवातीला जागा घेताना थोडा सैल होऊ शकतो. काही नटांच्या आत नायलॉनचे कडे असते, त्यामुळे तो आपोआप सुटत नाही. तो चार-सहा वेळा काढला-घातला की कडे झिजते. हाताने फिरू लागला की तो बदलावा.

नट हलला की नाही हे रोज पाना न लावता समजण्याची एक युक्ती आहे. नट पक्का आवळून झाला की तो पुसून कोरडा करा. मग नटावरून चिमट्यापर्यंत रंगाची एक सरळ रेघ ओढा. घरात नखांची लाली असेल तर तीही चालते. सकाळी गाडी पुसताना त्या रेघेकडे नजर टाका. रेघ सरळ आहे तोवर नट जागेवर आहे. रेघ तुटून दोन तुकडे वेगळे दिसू लागले, की त्या दिवशी आधी पाना आणि मग दूध.